विजेच्या सायकलीची बॅटरी आणि दहा हंडे

१. गाडी चढावर का थांबली?

मंडळी, आमचा पुतण्या दुधाचा धंदा करतो. पहाटे उठून घरोघर दूध गोळा करतो आणि डेअरीवर नेऊन घालतो. जाऊन येऊन चौदा किलोमीटर होतात. पूर्वी तो साध्या सायकलीवर जाई. भरलेल्या किटल्या घेऊन चढ चढताना ऊर फुटायची वेळ येई. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्याने विजेची सायकल घेतली.

पहिली दोन वर्षे फार सुखाची गेली. रात्री बॅटरी चार्जिंगला लावायची. पहाटे किल्ली फिरवून निघायचे. एकदा भरली की गाडी तीस किलोमीटर चाले. तिसऱ्या वर्षी मात्र कुरकुर सुरू झाली. घरून निघताना बॅटरीचे चारही दिवे लागलेले असत. पुढे तीन दिवे शिल्लक असतानाच गाडी चढावर एकदम बंद पडे. मग किटल्यांसकट गाडी ढकलत न्यावी लागे. दूध डेअरीवर उशिरा पोचे. दोनदा तर नासले म्हणून परत आले.

पुतण्या आमच्याकडे आला. म्हणाला, "नाना, बॅटरी गेली म्हणतात. नव्या बॅटरीला बारा हजार सांगतात. काय करू?"

बारा हजार म्हणजे काही थोडीथोडकी रक्कम नाही. आम्ही म्हणालो, "अरे, घाई करू नकोस. कुठं स्वस्तात दुरुस्त होते का ते बघ."

दुरुस्त कर, हे आम्ही बरोबर सांगितले. स्वस्तात कर, हे चुकीचे सांगितले. त्या एका शब्दापायी घराला आग लागायची वेळ आली. ती कशी आली, आणि बॅटरी नीट कशी दुरुस्त करतात, ते ह्या पाठात सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा पाठ वाचून कोणी घरी बॅटरी फोडायला बसू नये. ते शिकलेल्या कारागिराचे काम आहे. पण कारागीर काय करतो ते आपल्याला समजले पाहिजे. समजले तर आपण त्याला चार प्रश्न विचारू. विचारले तर फसणार नाही.

२. बॅटरीच्या पोटात काय असते?

ट्रॅक्टरची बॅटरी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यावर सहा टोपणे असतात. टोपणे काढून आपण पाणी घालतो. प्रत्येक टोपणाखाली एक वेगळे घर असते. एका घराची वीज सुमारे दोन व्होल्टची. सहा घरे एकापुढे एक जोडली की बारा व्होल्ट होतात. म्हणजे बॅटरी ही एक वस्तू नाही. ते सहा घरांचे बिऱ्हाड आहे.

विजेच्या सायकलीची बॅटरीही तशीच आहे. फरक एवढाच की ट्रॅक्टरच्या बॅटरीत शिसे आणि तेजाब असते. सायकलीच्या बॅटरीत लिथियमचे सेल असतात. लिथियम हा फार हलका धातू आहे. म्हणून ही बॅटरी हातात घेऊन जाता येते.

लिथियमचे सेल पहिल्यांदा जपानमधल्या सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणले. ज्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी खटपट केली, त्यांतल्या तिघांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ही त्यांची नावे. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात नोबेल पारितोषिक मिळालेला त्यांच्याआधी कोणीच नव्हता.

सेल दिसायला रेडिओच्या सेलसारखाच असतो. त्याला कारागीर "अठरा सहाशेपन्नास" म्हणतात. हा आकडा मोठा वाटतो, पण सोपा आहे. सेलची जाडी १८ मिलिमीटर. लांबी ६५ मिलिमीटर. शेवटचे शून्य म्हणजे सेल गोल नळीसारखा आहे. झाले १८६५०.

अशा एका सेलची वीज सुमारे ३.६ व्होल्ट धरतात. पुरता भरला की ४.२ व्होल्ट होतात. त्याच्यावर भरू नये. रिकामा होत आला की ३ व्होल्टच्या आसपास येतो. त्याच्या फार खाली उतरू देऊ नये. जास्त भरला तरी सेल बिघडतो, आणि फार रिकामा केला तरी बिघडतो. माणसाच्या पोटासारखेच आहे हे.

पुतण्याची बॅटरी ३६ व्होल्टची. तिच्यात ३० सेल आहेत. तीन-तीन सेल शेजारी-शेजारी जोडून एक गट केलेला आहे. असे दहा गट एकापुढे एक जोडले आहेत. ३.६ ला १० ने गुणले की ३६ झाले. पुरती भरली की ४.२ गुणिले १०, म्हणजे ४२ व्होल्ट. हे दोन आकडे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहेत.

३. दहा हंड्यांचा हिशेब

आता गाडी चढावर का थांबत होती ते पाहू. त्यासाठी वीज बाजूला ठेवू आणि पाणी घेऊ.

समजा, अंगणात दहा हंडे ओळीने मांडले आहेत. प्रत्येक हंड्यात तीस तांबे पाणी मावते. प्रत्येक हंड्याशी एक माणूस उभा आहे. शिट्टी वाजली की दहाही जणांनी आपापल्या हंड्यातून एकेक तांब्या पाणी काढायचे. कोणी जास्त काढायचे नाही, कोणी कमी काढायचे नाही. आणि एक नियम. एक जरी हंडा रिकामा झाला, तरी सगळ्यांनी थांबायचे.

दहाही हंडे चांगले असले तर तीस शिट्ट्या वाजतील. काम पुरे होईल.

आता समजा, एक हंडा पोचून गेला आहे. त्यात दहाच तांबे पाणी मावते. मग काय होईल? दहा शिट्ट्या वाजल्या की तो हंडा कोरडा. लगेच सगळे थांबले. बाकीच्या नऊ हंड्यांत वीस-वीस तांबे पाणी शिल्लक आहे. नऊ विसे एकशे ऐंशी. म्हणजे एकशे ऐंशी तांबे पाणी असून काम बंद!

पुतण्याच्या गाडीचे हेच झाले होते. दहा गटांपैकी एक गट पोचलेल्या हंड्यासारखा झाला होता. दिवे सगळ्यांचे मिळून पाणी दाखवत होते. म्हणून तीन दिवे लागलेले दिसत. पण एक गट कोरडा पडला की गाडी बंद.

ती बंद कोण करतो? बॅटरीच्या आत एक लहानशी हिरवी पट्टी असते. कारागीर तिला बी.एम.एस. म्हणतात. आपण तिला राखणदार म्हणू. प्रत्येक गटापासून एकेक बारीक तार ह्या राखणदाराकडे जाते. तो दहाही गटांवर नजर ठेवतो. एक गट फार रिकामा झाला, की तो वीज तोडतो. भरताना एक गट काठोकाठ भरला, की भरणे थांबवतो. फार वीज ओढली गेली तरी तोडतो.

लोकांना वाटते, हा राखणदारच गाडी बंद पाडतो. खरे म्हणजे तो घर वाचवत असतो.

४. आमची चूक

आमच्या सांगण्यावरून पुतण्या एका दुकानात गेला. दुकानदाराने बॅटरी उघडली. म्हणाला, "एकच गट खराब आहे. तीन सेल बदलून देतो. बाराशे रुपये पडतील."

बारा हजारांचे काम बाराशेत! पुतण्या खूष झाला. आम्हीही खूष झालो. शाबासकी दिली.

दुकानदाराने दोन गोष्टी केल्या. पहिली, जुन्या मोडीत आलेल्या लॅपटॉपमधून तीन सेल काढून बसवले. दुसरी, राखणदाराच्या तारा तोडून टाकल्या. "हीच पट्टी गाडी बंद पाडते. आता नाही पडणार," असे म्हणाला.

आठ दिवस गाडी बरी चालली. नवव्या रात्री बॅटरी नेहमीप्रमाणे पडवीत चार्जिंगला लावली होती. पडवीत पोरे झोपली होती. मध्यरात्री सूनबाईला जाग आली ती वासाने. नखाला लावायच्या रंगासारखा गोडसर, उग्र वास घरभर पसरला होता. तिने आरडाओरड केली. पुतण्याने बटण बंद केले आणि बॅटरीला हात लावला, तो चटका बसला. बाहेरून काठी आणून त्याने ती ढकलत अंगणात नेली. तिच्या एका कडेतून सूं सूं करून पांढरा धूर निघाला. बराच वेळ निघत होता.

भडका उडाला नाही, हे आमचे नशीब. सूनबाईची झोप सावध होती, हे आमचे दुसरे नशीब. सगळ्यांचे नशीब असे नसते. २०२२ सालच्या मार्च महिन्यात तामिळनाडूत वेल्लूर येथे अशीच रात्री चार्जिंगला लावलेली विजेची दुचाकी पेटली. घरातले बाप आणि लेक धुराने गुदमरून दगावले. त्याच महिन्यात पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरने पेट घेतला. ह्या दोन्ही गाड्यांची गोष्ट आमच्या गाडीसारखी नव्हती. पण लिथियमची बॅटरी पेटली की काय होते, ते देशाने त्या महिन्यात पाहिले.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. पडवीतली पोरे डोळ्यांपुढे येत होती. बाराशे रुपयांच्या मोहाचा सल्ला आमचा होता.

५. असे का झाले?

पुन्हा हंड्यांकडे चला. आता शिट्टी वाजली की प्रत्येक हंड्यात एकेक तांब्या पाणी ओतायचे आहे. पोचलेला हंडा आधी भरणार. राखणदार असता तर "थांबा" म्हणाला असता. राखणदार नाही. मग तो हंडा भरून वाहू लागणार. पाणी वाहिले तर अंगण ओले होते, एवढेच. वीज वाहिली तर सेल तापतो. त्याच्या पोटात वायू तयार होतो. मग तो फुटतो.

चार्जर हे ओळखत नाही का? नाही. चार्जर फक्त दहा गटांची बेरीज पाहतो. बेरीज ४२ झाली की तो थांबतो. आता हा हिशेब पाहा.

नऊ गट भरत आले आहेत. प्रत्येकी ४.१५ व्होल्ट.
९ गुणिले ४.१५ = ३७.३५
४२ वजा ३७.३५ = ४.६५

दहावा गट ४.६५ व्होल्टवर गेला! ४.२ च्या वर जायचे नव्हते. बेरीज बरोबर आली, पण एकाचा जीव गेला. चार माणसांच्या शिधाची बेरीज बरोबर असली म्हणून चौघे जेवले असे होत नाही. एकाने चौघांचे खाल्लेले असू शकते.

म्हणून ध्यानात घ्या. जुने आणि नवे सेल एकत्र बांधू नयेत. वेगवेगळ्या जातीचे सेल एकत्र बांधू नयेत. एक म्हातारा बैल आणि एक खोंड एका जुवाला जुंपला, तर दोघांचेही हाल होतात. आणि राखणदार कधीही काढू नये.

६. बॅटरी पुन्हा कशी बांधतात?

दोन दिवस बॅटरी अंगणाच्या कडेला वाळूत ठेवली. पुरती थंड झाल्यावर तालुक्याच्या गावी नेली. तिथे आमचा एक जुना विद्यार्थी बॅटरीचे काम करतो. आय.टी.आय. झाला, मग काही वर्षे कारखान्यात बॅटऱ्या बांधायला होता. आम्ही त्याला घडलेली हकीकत सांगितली. तो म्हणाला, "गुरुजी, पेटी आणि खोबणी चांगली आहे. पण आतले सगळे तीसही सेल बदलू. ह्यातला एकही ठेवायचा नाही."

आम्ही दिवसभर तिथे बसलो. जे पाहिले ते वहीत लिहून घेतले. ते असे.

पहिले काम. त्याने हातातली अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवली. आम्हालाही अंगठी काढायला लावली. बॅटरीची दोन टोके धातूने जोडली गेली तर क्षणात प्रचंड वीज वाहते. अंगठी लाल होते आणि बोट भाजते.

दुसरे काम. कुठली तार कुठे आहे त्याचे कागदावर चित्र काढले. मगच जुनी जोडणी सोडवली.

तिसरे काम. नवे सेल तपासले. सगळे एका कंपनीचे, एका जातीचे, एका खेपेचे. प्रत्येक सेल तराजूत घातला. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. मग मीटर लावून व्होल्ट पाहिले. कारखान्यातून सेल अर्धवट भरलेले येतात. हे सगळे साडेतीन व्होल्टचे निघाले.

तो म्हणाला, "गुरुजी, बाजारात खोटे सेल फार. वर ९९०० छापलेले असते. ह्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये २००० ते ३५०० इतकी वीज मावते. ९९०० कुठून मावणार? शेरभर मापात पायली मावेल काय?" हा आकडा मिलिअँपिअर-तासाचा असतो. त्यावरून सेलमध्ये किती वीज मावते ते कळते.

चौथे काम. सेलच्या वरच्या टोकाला कागदाची चकती चिकटवली. का? सेलचे वरचे बटण तेवढे धन असते. बाकीचे सगळे अंग, अगदी बटणाच्या कडेपर्यंत, ऋण असते. मध्ये केसाएवढी फट. तिथे घासाघीस झाली की ठिणगी. एका चकतीला पैसे किती? नगण्य. पण ती विसरली तर घर जाते.

पाचवे काम. तीन-तीन सेलचे गट करून निकेलच्या पातळ पट्टीने जोडले. ह्यासाठी त्याने कथलाचा डाग दिला नाही. डाग द्यायला कढत सळई सेलवर टेकवावी लागते. त्या आचेने सेल आतून बिघडतो. त्याने स्पॉट वेल्डिंग केले. "टक्" असा आवाज होतो आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पट्टी चिकटते. सेल गरम व्हायला वेळच मिळत नाही. पट्टीही त्याने पारखून घेतली होती. काही लोक लोखंडी पट्टीवर निकेलचे पाणी देऊन विकतात. कानशीने घासून मिठाच्या पाण्यात ठेवली की लोखंडी पट्टीला गंज चढतो. खऱ्या निकेलला चढत नाही.

सहावे काम राखणदाराच्या तारांचे. ते वेगळे सांगतो.

७. औटकी कामाला आली

आम्ही लहान असताना आजोबा संध्याकाळी पाढे म्हणून घेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. पुढे शाळेतून हे पाढे गेले. आम्हाला वाटे, आता त्यांचा काही उपयोग राहिला नाही.

नवा राखणदार जोडण्याआधी विद्यार्थ्याने बारीक तारांवर मीटरची टोके टेकवली. म्हणाला, "गुरुजी, मी आकडे सांगतो, तुम्ही लिहा." एक गट साडेतीन व्होल्टचा. एकापुढे एक गट धरले, की प्रत्येक तारेवर साडेतीन वाढले पाहिजेत. तो सांगू लागला.

साडेतीन. सात. साडेदहा. चौदा. एकवीस. साडेसतरा. साडेचोवीस...

आम्ही हात वर केला. "थांब बाबा. औटकीत चौदानंतर साडेसतरा येतात. एकवीस आधी कसे आले?"

त्याने वाकून पाहिले. पाचवी आणि सहावी तार एकमेकींच्या जागी लागली होती. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "गुरुजी, अशीच खोचली असती तर राखणदार जळाला असता. बरं झालं मोजून पाहिलं."

त्याने तारा बदलल्या. पुन्हा मोजले. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस, अठ्ठावीस, साडेएकतीस, पस्तीस. औटकी पुरी झाली. मगच त्याने राखणदार जोडला.

मग बॅटरी पेटीत घालून दुकानाबाहेर फरशीवर चार्जिंगला लावली आणि तो शेजारी बसून राहिला. भरून झाल्यावर प्रत्येक गट पुन्हा मोजला. दहाही गट ४.२ च्या आसपास. बेरीज ४२.

८. पैशाचा हिशेब

आम्हाला आलेला खर्च असा.

तीस सेल, प्रत्येकी १९० रुपये : ५,७०० रुपये
राखणदार पट्टी : ७०० रुपये
निकेलची पट्टी, कागद, वेष्टण : ४०० रुपये
मजुरी : १,३०० रुपये
एकूण : ८,१०० रुपये

नवी बॅटरी १२,००० ला होती. म्हणजे ३,९०० रुपये वाचले. पण आधीचे १,२०० पाण्यात गेले. ते वजा केले तर २,७०० उरतात. भाव गावोगाव निराळे असतात. म्हणून आकडे पाठ करू नका, हिशेब करायची रीत शिका. बाजारात विचारा, कागदावर मांडा आणि मग ठरवा.

काही वेळा दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. बॅटरीची हमी शिल्लक असेल तर पेटी उघडू नका. उघडली की हमी जाते. आधी विक्रेत्याकडे जा. पुराच्या पाण्यात बुडालेली किंवा पेटी चेपलेली बॅटरी दुरुस्त करण्याच्या भरीस पडू नका.

आणखी एक. ज्या विजेच्या सायकलीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, तिला नोंदणी लागत नाही. मोठ्या स्कूटरला नोंदणी लागते. अशा नोंदणीच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचे नियम सरकारने डिसेंबर २०२२ पासून कडक केले. त्या बॅटऱ्यांना बाहेर हात लावू देऊ नका. कंपनीच्याच दुकानात न्या.

९. कारागिराला काय विचारावे?

विचारायला लाजू नका. पैसे आपले, घर आपले.

१. सगळे सेल नवे, एका जातीचे आणि एका खेपेचे आहेत काय?
२. राखणदार पट्टी घालणार ना? ती किती गटांची आहे?
३. पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडणार की डाग देऊन?
४. प्रत्येक गटाचे व्होल्ट आमच्यासमोर मोजून दाखवणार काय?
५. कामाची पावती आणि हमी लिहून देणार काय?

ह्या पाचांतल्या एका जरी प्रश्नाला कारागीर चिडला, तर बॅटरी उचला आणि घरी या.

१०. घरी काय जपावे?

बॅटरी कितीही चांगली बांधली, तरी ती निगुतीने वापरली पाहिजे.

झोपायच्या खोलीत चार्जिंग करू नये. दाराच्या वाटेतही करू नये. तिथे आग लागली तर बाहेर पडायला वाट राहत नाही. गोठ्यात, कडब्याजवळ, घोंगडीवर, अंथरुणावर बॅटरी ठेवू नये. फरशी किंवा दगडी ओटा चांगला.

गाडीवरून आल्या आल्या बॅटरी भरायला लावू नये. आधी थंड होऊ द्यावी. उन्हात ठेवू नये. चार्जर तिचाच वापरावा. दुसऱ्याचा चार्जर खोबणीत बसला म्हणजे चालतो असे नाही. लोह-फॉस्फेटचे सेल म्हणून दुसरी एक जात असते. तो सेल ३.६५ व्होल्टलाच भरतो. एकीचा चार्जर दुसरीला लावला तर घात होतो.

महिना-दोन महिने गाडी वापरायची नसेल, तर बॅटरी अर्धी भरून ठेवावी. पुरती रिकामी ठेवू नये.

बॅटरी फुगली, फार तापली, उग्र वास आला किंवा सूं सूं आवाज आला, तर आधी माणसे बाहेर काढावीत. जमले तर मुख्य बटण बंद करावे. धूर विषारी असतो. त्यात शिरू नये. १०१ किंवा ११२ ला फोन करावा. विझली असे वाटले तरी जवळ जाऊ नये. ती पुन्हा पेटू शकते.

११. जुने सेल कुठे टाकावे?

जुने सेल उकिरड्यावर, विहिरीत किंवा चुलीत टाकू नयेत. पोरांना खेळायला देऊ नयेत. २०२२ साली सरकारने बॅटरीच्या कचऱ्याचे नियम केले. त्याप्रमाणे जुन्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात मिसळायच्या नसतात. त्या गोळा करणाऱ्या किंवा त्यांतला धातू पुन्हा काढणाऱ्या माणसाकडे द्यायच्या असतात. आमच्या विद्यार्थ्याने जुन्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि ते वेगळ्या डब्यात ठेवले. महिन्यातून एकदा गाडी येऊन ते घेऊन जाते.

पुतण्याची गाडी आता पुन्हा चढ चढते. किटल्या वेळेवर पोचतात. पण बॅटरी तो रात्री भरत नाही. डेअरीवरून आला की न्याहारी करतो, तोवर बॅटरी थंड होते. मग अंगणातल्या दगडी ओट्यावर, सगळे जागे असताना, भरायला लावतो. सूनबाई येता-जाता तिला हाताची मागची बाजू लावून बघते.

ध्यानात ठेवा

एक गट कमजोर झाला की सगळी बॅटरी कमजोर होते.
जुने सेल आणि नवे सेल एकत्र बांधू नका.
राखणदार काढू नका.
बेरीज पाहू नका, प्रत्येक गट पाहा.
झोपेत बॅटरी भरू नका.

शब्दांचे अर्थ

सेल : विजेचे लहान घर
गट : शेजारी-शेजारी जोडलेले सेल
व्होल्ट : विजेचा जोर मोजायचे माप
धन, ऋण : बॅटरीची दोन टोके
निकेल : गंज न चढणारा एक धातू
खेप : एकाच वेळी कारखान्यातून निघालेला माल
औटकी : साडेतीनचा पाढा

प्रश्न

१. तीन दिवे लागलेले असताना गाडी चढावर का थांबत होती?
२. राखणदार पट्टी कोणती कामे करते?
३. नऊ गट प्रत्येकी ४.१ व्होल्टवर आहेत. बेरीज ४२ आहे. दहावा गट किती व्होल्टवर आहे? हे बरे की वाईट?
४. औटकी दहापर्यंत वहीत लिहा.
५. तुमच्या घरी विजेची गाडी असेल तर ती कुठे भरता? ती जागा बरोबर आहे काय? घरच्या मंडळींशी बोला.